जीडी (जनरल ड्युटी), टेक्निकल, क्लार्क की ट्रेड्समन?

बारावी सायन्स झालेला पोरगा अग्निवीरचा फॉर्म भरायला बसला की अकॅडमीतले सर, मोठा भाऊ, नेट कॅफेवाला, सगळे एकच सांगतात: मार्क आहेत ना, मग टेक्निकल टाक, जीडी काय दहावीवाल्यालाही मिळतं. सल्ला वाईट नाही. पण देणाऱ्यांतले बरेच जण युनिटमध्ये राहिलेले नसतात. मी टेक्निकलला पात्र असून जीडी भरलं, मराठा लाइट इन्फंट्रीत, म्हणजे पायदळात, नोकरी केली आणि हवालदार म्हणून पेन्शनवर आलो. तेव्हा माझं पारडं थोडं झुकलेलं असणार, हे धरूनच पुढचं वाचा.

पगारावरून ठरवू नका. अग्निवीर कुठल्याही प्रकारातला असो, पहिल्या वर्षी महिना 30,000, चौथ्या वर्षी 40,000, त्यातले 30 टक्के सेवा निधीत, आणि शेवटी व्याजासकट साधारण 11.71 लाख. सुट्टीही सगळ्यांना सारखीच, वर्षाला 30 दिवस. फरक पडतो तो दिवस कसा जातो आणि कोणाबरोबर जातो, यात.

क्लार्कला बाहेरचे लोक 'बसून खाणारा' म्हणतात. तसं काही नसतं. पीटी, फायरिंग त्यालाही असतं, आणि पलटण (बटालियन) फील्डला, म्हणजे सीमेकडे, गेली की ऑफिसही तिच्यामागे जातं. जवानाचं लग्न झालं, मूल झालं, भत्ता बदलला, की त्याची पार्ट टू ऑर्डर क्लार्कनेच काढायची. ती निघाली नाही तर सरकारच्या लेखी ते घडलेलंच नाही. त्यामुळे त्याला मान असतो, थोडं वजनही असतं. पण अख्ख्या कंपनीची सुट्टी टाइप करणाऱ्याला स्वतःच्या सुट्टीसाठी साहेबांचा मूड बघावा लागतो, कारण त्याच्या जागी बसणारा दुसरा नसतो. बारावीला चांगले मार्क असतील, टायपिंगला हात बसला असेल आणि आकड्यांचा कंटाळा नसेल तर जरूर जा. माझ्याच्याने झालं नसतं.

ट्रेड्समनबद्दल गावाकडे नाक मुरडतात, ते मला पटत नाही. उंचावरच्या पोस्टवर कुकरशिवाय डाळ शिजत नाही आणि लंगरचा (जवानांच्या स्वयंपाकघराचा) कुक सगळ्यांच्या आधी उठलेला असतो. बर्फाच्या दिवसांत अख्ख्या पोस्टचा जीव त्याच्यावर आणि बुखारीवर (खोली गरम ठेवणाऱ्या शेगडीवर). हातात कला असेल, शिंपीकाम, स्वयंपाक, केशकर्तन, तर चार वर्षांनी बाहेर पडल्यावरही ती उपाशी ठेवत नाही. फक्त 'आधी घुसतो, मग बदलून घेऊ' या हिशोबाने जाऊ नका, बदल वाटतो तितका सोपा नसतो.

आता खरा पेच, जीडी की टेक्निकल.

टेक्निकलच्या बाजूने बोलण्यासारखं पुष्कळ आहे. सिग्नल्सचं (संदेशवहन दलाचं) ट्रेनिंग जबलपूरला, ईएमईचं (गाड्या-यंत्रं दुरुस्त करणाऱ्या दलाचं) सिकंदराबादला किंवा भोपाळला, आणि सॅपर (लष्करी इंजिनिअर दलातले जवान) झालात तर आपल्या खडकीला, बॉम्बे इंजिनिअर ग्रुपमध्ये. त्या ग्रुपचा अभिमान वाटावा असंही खूप आहे: 1948 साली राजौरीच्या वाटेवर सुरुंग आणि अडथळे दूर करून रणगाड्यांना रस्ता करून देणारे कारवारचे राम राघोबा राणे, परमवीर चक्र, याच ग्रुपचे. शिवाय हाताला येणारं काम बाहेर चालतं. इंजिन उघडता येणाऱ्याला गॅरेजवाला विचारतो. जीडीवाल्याला बहुतेक सिक्युरिटीवालेच विचारतात. केंद्रीय सशस्त्र पोलीस दलांत माजी अग्निवीरांना जागा राखून ठेवल्या आहेत, तिथे जीडीवाल्याचा निभाव लागेल, पण तीही पुन्हा वर्दीच.

एवढं दिसत असून मी जीडीकडे का गेलो? वडिलांमुळे. ते टेक्निकल ट्रेडमधले, गाड्यांचे मेकॅनिक. माणूस कामात एक नंबर. पण त्यांची बदली कायम एकट्याची व्हायची. रेकॉर्ड ऑफिसचा बदलीचा कागद आला की ट्रंक भरायची आणि अनोळखी युनिटमध्ये जाऊन उभं राहायचं. तिथे पहिला प्रश्न, 'अटॅच आहे का?', म्हणजे बाहेरून जोडलेला का. क्वार्टरच्या यादीत नाव तळाला. वर्षाचा लीव्ह प्लॅन आधीच झालेला, त्यामुळे दिवाळी-गणपती इतरांनी वाटून घेतलेले. जुन्या साहेबाला काम माहीत होतं, नव्याला पुन्हा पहिल्यापासून दाखवा. तेवढ्यात सगळं रुळावर येतं, आणि परत कागद. आमची शाळा वर्षाच्या मध्यात बदलायची. शेवटी आईने आम्हाला गावी आणलं आणि वडील उरलेली नोकरी एकटेच राहिले. कोणी त्यांना वाईट वागवलं असं नाही. पण ते कुठल्याच पलटणीचे नव्हते.

पायदळात पलटण हलते ती अख्खी. फील्ड सगळ्यांना एकत्र, पीसही (सीमेपासून लांबची शांत छावणी) सगळ्यांना एकत्र. बेळगावच्या सेंटरला ज्याच्याबरोबर रगडा खाल्ला तोच पुढे हवालदार होऊन शेजारच्या बॅरकमध्ये असतो. त्याची बायको तुमच्या बायकोला ओळखते. सुट्टी अडली तर तुमच्यासाठी शब्द टाकणारा सुभेदार तुम्हाला रंगरूट असल्यापासून ओळखत असतो. मधे मला एनसीसीवर एकट्याने जावं लागलं, तेव्हा वडिलांचं म्हणणं नीट कळलं. ड्युटी आरामाची होती, तरी पलटणीत परत यायची घाई झाली होती.

आणि जीडी म्हणजे नुसती रायफल, हाही गैरसमज. पलटणीत मॉर्टर प्लाटून आहे, सिग्नल प्लाटून आहे, गाड्यांची एमटी प्लाटून आहे, आणि अंगात दम असेल तर घातक, म्हणजे पलटणीची कमांडो प्लाटून, आहे.

किंमत मोजावी लागते, ते लपवत नाही. एलसीवर (नियंत्रण रेषेवर) झोप तुकड्यातुकड्यांनी मिळते. दोन तास सेंट्री, जरा पाठ टेकली की पुन्हा उठा, पहाटे स्टँड-टू, म्हणजे सगळ्यांनी हत्यार घेऊन सज्ज. गुडघे आणि कंबर चाळिशीच्या आत बोलायला लागतात. टेक्निकलवाल्यालाही गार्ड असते, पण इतकी नाही. ज्याला सलग झोप हवीच असते, त्याने माझं ऐकू नये.

आणखी एक गोष्ट माझ्या विरोधात जाते. माझा सगळा हिशोब पेन्शनपर्यंतच्या नोकरीचा आहे, आणि आता चार वर्षांनंतर जास्तीत जास्त 25 टक्केच नोकरीत राहतात. चार वर्षांत एकट्याच्या बदल्यांचा जाच होण्याइतका वेळच नाही. तेव्हा चार वर्षं करून बाहेर पडायचं मनाशी पक्कं असेल तर टेक्निकल बरं पडेल, असं मलाही वाटतं. पण राहायच्या इराद्याने जाणार असाल तर पुढची वर्षं बरीच मोठी आहेत, आणि ती कोणाबरोबर काढायची हे याच फॉर्मवर ठरतं. मला विचाराल तर मी पुन्हा जीडीच भरेन.

आता एकाच वेळी दोन प्रकारांसाठी अर्ज करता येतो, ती सोय वापरा. रेजिमेंट आपल्या मनासारखीच मिळेल असं मात्र धरून चालू नका. आणि जीडीला जाणार असाल तर निघण्याआधी ड्रायव्हिंग लायसन्स काढून ठेवा. एमटी प्लाटूनसाठी पोरं शोधतात तेव्हा लायसन्सवाल्याकडे आधी नजर जाते, आणि चार वर्षांनी घरी आलात तरी ते वाया जात नाही.