ट्राय-अँगचं जुनं ‘जिंटी’ इंजिन: आठ महिने चालवल्यावर

ट्राय-अँग या जुन्या ब्रिटिश कंपनीचं हे मॉडेल रेल्वेचं छोटं इंजिन. रोज अर्धा तास, मागे पाच-सहा डबे, मध्ये एक अख्खा पावसाळा. एवढं चालवल्यावर मत असं: नव्या इंजिनाइतकं हे देखणं नाही, पण बिघडलं तर घरच्या टेबलावर दुरुस्त होतं. माझ्या लेखी बाकी सगळं त्यानंतर.

ओओ मापाचं (१६.५ मिमी रुंदीच्या रुळांवरचं) हे इंजिन १२ व्होल्ट डीसीवर चालतं. आतली एक्स०४ मोटर उघडी असते; ब्रश, कॉम्युटेटर (ब्रश ज्यावर घासतात ती फिरती तांब्याची गोल पट्टी), चुंबक सगळं समोर दिसतं. नव्या इंजिनांत बहुतेकदा बंद डब्याची मोटर असते, ब्रश झिजले की सबंध मोटरच बदला.

वेग मंदावला तर आधी कॉम्युटेटर बघा. आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये बुडवलेल्या इअरबडने तो पुसा आणि तीन फटींतली काजळी टूथपिकने काढा. पॉलिश पेपर नको, चरे पडून ब्रश लवकर झिजतात. ब्रश बदलताना स्प्रिंगकडे नीट लक्ष द्या. तिच्या एका पायावर इन्सुलेशनची बारीक नळी असते. ती हरवली की थेट शॉर्ट! वायरचं सोललेलं आवरण कापून घातलं तरी भागतं. शिवणयंत्राचं तेल बेअरिंगच्या फेल्टवर (नमद्याच्या चकतीवर) एकच थेंब; जास्त झालं की ते कॉम्युटेटरवर उतरतं आणि काजळी पुन्हा जमते.

साफसफाईनंतरही मोटर तापत असेल आणि जोर नसेल, तर चुंबक अशक्त झालेला असतो. जुन्या मोटरी खोलताना कुणीतरी चुंबक नुसताच बाहेर काढून ठेवलेला असतो, त्याचं हे फळ. पुन्हा चुंबकित करून घेता येतो, पण घेण्यापूर्वीच अँमीटर लावून बघावं. डबे जोडून अर्ध्या अँपिअरच्या आसपास ठीक. काटा एक अँपिअरकडे सरकला तर किंमत पाडून मागा. सेटसोबत मिळणारे छोटे कंट्रोलर या मोटरीपुढे दमतात.

खरी कटकट सांध्यांवर, म्हणजे गाडी एका रुळावरून दुसऱ्यावर वळते तिथे. आजच्या ओओ चाकांमधलं आतलं अंतर साधारण १४.५ मिमी, जुन्या चाकांचं त्याहून कमी, शिवाय चाकांच्या कडा जाड. त्यामुळे नव्या सांध्यात ती आतल्या रुळावर चढतात. कोड १०० चे (कोड म्हणजे रुळाची उंची, इंचाच्या हजाराव्या भागात) सरळ रूळ चालतात, कोड ७५ चा नाद सोडा.

अगदी हळू शंटिंग करायचं असेल तर नवं इंजिनच घ्या, हे प्रामाणिकपणे सांगायला हवं. तीन पोलांची मोटर कमी वेगात अडखळते, आवाजही शिलाईयंत्रासारखा करते (मला तो आवडतो, घरच्यांना नाही). डिजिटल डिकोडर (रुळांतून येणारे डिजिटल संदेश वाचून मोटर चालवणारी चिप) घालायचा तर आधी दोन्ही ब्रश चासीपासून वेगळे करा. मूळ रचनेत एक ब्रश चासीलाच जोडलेला असतो. तसाच ठेवला तर डिकोडर जळतो.

रुळांचं मात्र जुनं काही घेऊ नका. ट्राय-अँगचे पोलादी रूळ आपल्याकडच्या पावसाळ्यात गंजतात, निकेल-सिल्व्हर या मिश्रधातूचे टिकतात. फक्त ‘मॅग्नअ‍ॅडहीजन’ असलेल्या इंजिनाची चुंबकी पकड पोलादावरच लागते, निकेल-सिल्व्हरवर नाही. चढावर चार डबे कमी जोडावे लागतील.