एमटीआर की पॅकेट कॅप्चर? लॉस शोधताना मी आधी काय उघडतो

लिंक अप आहे, पिंग जातोय, तरी युजर म्हणतो "अडकतंय". अशा वेळी दोनच वाटा असतात. एमटीआर लावायचा, म्हणजे वाटेतल्या प्रत्येक राउटरपर्यंत (हॉपपर्यंत) छोटी पॅकेटं पाठवून किती हरवतात (लॉस) ते मोजणारं टूल; नाहीतर टीसीपीडंपने कॅप्चर, म्हणजे येणाऱ्या-जाणाऱ्या पॅकेटांची नोंद, घेऊन ती वाचणाऱ्या वायरशार्कमध्ये उघडायचा. महापेच्या ऑफिसात आणि घोडबंदर रोडच्या घरी मी दोन्ही वापरतो. दोन्ही फुकट आहेत, तेव्हा प्रश्न फक्त वेळेचा आणि समोरच्याला पटवण्याचा.

वेळेत एमटीआर सरळ पुढे. लावून ठेवा, चहा घेऊन या, तोवर लॉस कुठून सुरू होतो ते दिसायला लागतं. पावसाळ्यात कुठे फायबर तुटली की मी आजही आधी तोच उघडतो. लॉस एखाद्या हॉपपासून सुरू होऊन शेवटच्या ओळीपर्यंत टिकला तर तो बहुधा खरा. मधल्याच हॉपवर साठ टक्के आणि शेवटी शून्य, तर त्या राउटरने आयसीएमपीची (चाचणीच्या आणि चुका कळवणाऱ्या निरोपांची) उत्तरं देण्यावर मर्यादा घातलेली असते, एवढंच.

माझं डोकं उठतं ते इथेच. दर वेळी कोणीतरी त्या साठ टक्क्यांना लाल गोल करून स्क्रीनशॉट पाठवतो. सपोर्टवाले शेवटची ओळ दाखवून तिकीट बंद करतात आणि त्यांचं बरोबरही असतं. मग खरा लॉस सापडतो तेव्हा तेच उत्तर तयार असतं: "साहेब, आयसीएमपी आहे, त्याला प्रायोरिटी नसते." एमटीआर टीसीपी मोडमध्ये, वेबसाइट वापरतात त्या ४४३ पोर्टवर चालवला तर वाद थोडा कमी होतो, पण संपत नाही. परतीचा रस्ता वेगळा असू शकतो, तो एमटीआरमध्ये दिसतच नाही. शेवटी एमटीआर स्वतः पाठवलेल्या पॅकेटांचा हिशेब देतो, युजरच्या पॅकेटांचं काय झालं ते सांगत नाही.

घरच्या पीपीपीओई (लॉगिन करून जोडायच्या ब्रॉडबँड) लाइनवर हेच झालं. ऑफिसचं एक पोर्टल उघडता उघडत नव्हतं, एमटीआर मात्र शून्य टक्के लॉस दाखवत होता. कॅप्चर पाहिला. सिन, सिन-ॲक, ॲक ही जोडणीची पहिली तीन पॅकेटं व्यवस्थित (ॲक म्हणजे पोच). क्लायंट हॅलो (सुरक्षित जोडणीची पहिली विनंती) गेला, त्याचा ॲकही आला. पुढे सर्टिफिकेटचे मोठे सेगमेंट यायला हवे होते. त्यातला शेवटचा, लहान तुकडा तेवढा पोचला आणि वायरशार्कने लिहिलं की आधीचा सेगमेंट दिसलाच नाही. वर सिनमध्ये एमएसएस (एका सेगमेंटमधला कमाल डेटा, बाइटमध्ये) १४६० होता. पीपीपीओईवर एमटीयू (पॅकेटची कमाल लांबी) १४९२ असतो, त्यातून हेडरचे (पत्ता वगैरे असलेल्या भागाचे) ४० वजा जाता एमएसएस १४५२ हवा. मोठी पॅकेटं वाटेत गळत होती आणि तसं कळवणारा आयसीएमपी निरोप कुठेतरी अडवला जात होता. एमटीआरची पॅकेटं मुळातच ६४ बाइटची, ती कशाला अडतील? राउटरवर एमएसएस क्लॅम्प केला (कमी करून बांधला) आणि पोर्टल उघडलं.

दोन्ही टोकांना कॅप्चर मिळाला तर वाद उरतच नाही. पाठवणाऱ्याकडे रीट्रान्समिशन (तेच पॅकेट पुन्हा पाठवणं) आहे आणि घेणाऱ्याकडे मूळ पॅकेट आलेलंच नाही, म्हणजे ते जाताना हरवलं. मूळही आलं आणि दुसऱ्यांदाही आलं, तर बहुधा ॲक हरवला किंवा उशिरा पोचला. कनेक्शन मध्येच रीसेट होत असेल तर त्या रीसेटचा टीटीएल (दर राउटरला एकाने घटणारा आकडा) सर्व्हरच्या बाकी पॅकेटांशी ताडून बघा. वेगळा निघाला तर संशय मधल्या फायरवॉलवर.

कॅप्चरचे नखरेही आहेत. मशीनवरच घेतला तर ऑफलोडमुळे (पॅकेट तोडण्या-जोडण्याची कामं नेटवर्क कार्डवर सोपवल्याने) १५०० पेक्षा मोठी पॅकेटं आणि चुकीचे चेकसम (पडताळणीचे आकडे) दिसतात; नवखा माणूस तिथेच घाबरतो. न दिसलेल्या सेगमेंटला ॲक आल्याचा शेरा दिसला तर बहुतेक वेळा कॅप्चरमधूनच पॅकेट सुटलेलं असतं, नेटवर्कला दोष देऊ नका. डिस्क भरते, म्हणून फिरत्या फायली (जुनी पुसून नवी लिहिणाऱ्या) ठेवायच्या. फक्त हेडरपुरते बाइट घेतले तर जागा वाचते आणि ग्राहकाचा डेटाही फारसा हाती येत नाही. परवानगी तरीही लेखी घ्यावी.

रोज नुसत्या लिंकच सांभाळायच्या असतील तर एमटीआर पुरेसा आहे, माझा आग्रह नाही. पण ॲप्लिकेशनवाल्यांच्या तक्रारी तुमच्या टेबलावर येत असतील तर आठवड्याभराचा वेळ वायरशार्कवर घालवा, असं मी म्हणेन. आणि स्विचवरचा मिरर पोर्ट (दुसऱ्या पोर्टवरच्या ट्रॅफिकची नक्कल देणारा) आजच मागून ठेवा. चेंज रिक्वेस्ट मंजूर होईपर्यंत तक्रार जुनी होते.