कॅसेटवरून पेनड्राइव्ह करून घेतलं, कोल्हापुरात मिरजकर तिकटीजवळ, माझा अनुभव

बिनखांबी गणपतीकडून मिरजकर तिकटीकडं येताना वरच्या मजल्यावर एक छोटं दुकान आहे, जुन्या कॅसेट, व्हीएचएस वगैरे कॉपी करून देतात. मी 11 कॅसेट दिल्या होत्या, 8 झाल्या, 3 अजून तिथंच आहेत. एका कॅसेटचे 250 घेतले. काम इतकं भारी झालंय की लिहिल्याशिवाय राहवेना.

घरातल्या निम्म्या कॅसेट विकत घेतलेल्या बालगीतांच्या. सांग सांग भोलानाथ, चॉकलेटचा बंगला, सगळं मीना खडीकरांचं संगीत आणि गाणाऱ्यांत त्यांचीच मुलं, रचना आणि योगेश, सोबत शमा खळे. आणि सुषमा श्रेष्ठचं किलबिल किलबिल. ही सुषमा श्रेष्ठ म्हणजेच पुढची पूर्णिमा बरं का, हिरो नंबर वन मधलं सोना कितना सोना है म्हणणारी, लहान पोरीच्या आवाजात सुरू झालेलं करिअर नव्वदच्या हिंदी पिक्चरपर्यंत गेलं. ही गाणी आता कुठंही मिळतात, त्यासाठी कॅसेट कॉपी करायची गरज नव्हती आणि हे दुकानवाल्या काकांनीच मला सांगितलं, म्हणाले याचे पैसे कशाला घालवताय, घरातल्या रेकॉर्डिंगच्या तेवढ्या द्या. स्वतःचं गिऱ्हाईक कमी करणारा दुकानदार मी पहिल्यांदाच बघितला. तरी मी त्यातल्या 2 दिल्याच, कव्हरवर आईच्या अक्षरात तारीख आहे म्हणून.

खरा जीव होता तो घरच्या कॅसेटमध्ये. माझी ताई तेव्हा 8 वर्षांची, साल 1988. मुंबई दूरदर्शनवर लहान मुलांचा किलबिल कार्यक्रम लागायचा आणि ताईला त्यात गायचंही होतं आणि निवेदनही करायचं होतं. मग आमच्या घरात तिचा स्वतःचा कार्यक्रम. बाबांचा टू-इन-वन (रेडिओ आणि टेप एकत्र), भजनाच्या कॅसेटची वरची मोडलेली खाच सेलोटेपनं बंद करायची म्हणजे तिच्यावर रेकॉर्ड होतं, दोन बटणं एकदम दाबायची की ताई सुरू, नमस्कार बालमित्रांनो, आज आपल्याकडं आल्यात सुप्रसिद्ध बालगायिका, आणि ती गायिका पण तीच. बाबा पेटीवर. असे 4 वर्षांचे कार्यक्रम आहेत. टीव्हीवर ती कधी गेली नाही, आज शाळेत संगीत शिकवते.

2019 च्या पुरात आमच्या खालच्या खोलीत पाणी आलं, पंचगंगेची धोक्याची पातळी 43 फूट आणि तेव्हा पाणी 55 च्या वर गेलेलं, कॅसेटचा डबा दोन दिवस पाण्यात. नंतर टेपवर पांढरी बुरशी. पुण्यात एका ठिकाणी दाखवलं तर उघडूनही न बघता टाकून द्या म्हणाले. इथं काकांनी स्क्रू काढून टेप दुसऱ्या डबीत घातली, आतला फेल्टचा तुकडा निखळला होता तो बदलला, हळूहळू पुसत दोनदा फिरवली, मग वाजवली. शिवाय प्रत्येक मशीनचं हेड, म्हणजे टेपवरचा आवाज वाचणारा भाग, थोडं वेगळ्या कोनात असतं त्यामुळं आवाज दबका येतो, म्हणून हेडचा स्क्रू फिरवून फिरवून आवाज मोकळा होईपर्यंत ते ऐकत बसतात. 60 मिनिटांची कॅसेट कॉपी करायला 60 मिनिटंच लागतात, त्यात घाई चालत नाही.

एका कॅसेटमध्ये ताईचा आवाज फारच बारीक आणि चढा येत होता. काका म्हणाले लाइट गेली असणार, सेलवर रेकॉर्ड केलंय, सेल उतरलेले म्हणून टेप हळू फिरली, आता नीट स्पीडला वाजवली की आवाज वर चढतो. मग विचारलं, ती पेटी आहे का घरात? आहे. मग तिची काळी दोन (दुसरी काळी पट्टी) दाबून व्हॉट्सअपवर पाठवा. मी पाठवली आणि त्या सुरावरून त्यांनी स्पीड लावला. ताईचा आवाज जसा होता तसा आला. अक्षरशः अंगावर काटा.

अजून एक, मागचा खरखराट काढायच्या आधी फोन करून विचारलं. एक तुकडा साफ करून आणि एक तसाच असे दोन्ही ऐकवले. साफ केलेल्यात ताई बाटलीत बसून गातीय असं वाटत होतं आणि गाण्याच्या मधे आजी स्वयंपाकघरातनं ओरडते, अगं दूध बघ, ते पार पुसलं गेलेलं. आजी 1996 ला गेली, तिचा आवाज दुसरीकडं कुठंच नाही. मी म्हटलं काका खरखर राहू दे. त्यांनी दोन प्रकारच्या फाइल दिल्या, मोठी वेव्ह (आवाज न दाबता ठेवलेली) आणि मोबाइलसाठी एमपीथ्री, आणि मूळ कॅसेट परत.

5 पैकी साडेचार. अर्धा यासाठी की 5 दिवस सांगून 12 लागले आणि मधे दोनदा मलाच फोन करावा लागला. गाडी लावायला जागा नाही, चालत जा. दुपारी 2 ते 4 बंद असतं. जाताना कॅसेटच्या कुठल्या बाजूला काय आहे ते चिठ्ठीवर लिहून न्या, त्यांचा वेळ वाचतो. राहिलेल्या 3 मध्ये ताईचा शेवटचा कार्यक्रम आहे, टेप दोन ठिकाणी तुटलीय, जोडतो म्हणालेत. ताई रोज मेसेज करून विचारतीय, झाली का.