पंखा बिघडला की कंट्रोलर?
कोळशाच्या बॉयलरमध्ये आगीला हवा देणारा पंखा थांबला की लोक थेट नवा कंट्रोलर, म्हणजे पाण्याच्या तापमानानुसार पंखा चालवणारा इलेक्ट्रॉनिक डबा, मागवतात. मला हे पटत नाही. आधी पंखा बघा, तिथे दुरुस्ती स्वस्तात होते. वीज बंद करून पाती हाताने फिरवा. जड फिरली तर काजळी साचलीय किंवा बेअरिंग गेलंय. मोकळी फिरतात, पण चालू केल्यावर मोटर नुसती गुणगुणते? मग बहुतेक मोटर सुरू करायला मदत करणारा कपॅसिटर उतरलाय. त्याला हात लावण्याआधी तो डिस्चार्ज करायलाच हवा, म्हणजे त्यात साठलेली वीज काढून टाकायला हवी.

कंट्रोलरची लक्षणं वेगळी. पाणी ठरलेल्या तापमानाला पोहोचूनही पंखा पूर्ण वेगाने फिरतच राहिला, तर बहुधा ट्रायक (पंख्याची वीज कमी-जास्त करणारा कंट्रोलरमधला इलेक्ट्रॉनिक स्विच) शॉर्ट झालाय. पाणी उकळू शकतं, पंखा लगेच बंद करा! पडद्यावर तापमान भलतंच दिसत असेल तर आधी सेन्सर तपासा. मोटर थेट विजेवर नीट चालली, तरच कंट्रोलर बदला. ही चाचणी मात्र इलेक्ट्रिशियनकडूनच करून घ्या.