अनमोड घाटात तापणारा ट्रक : रेडिएटरचा कोर बदलल्यानंतरचे आठ महिने

माझा २००५ सालचा सहाचाकी डिझेल ट्रक आठवड्यातून तीनदा वेर्ण्याहून बेळगावला माल नेतो आणि परतताना भाजी आणतो. फोंडा, तिस्क-उसगाव करत मोलेपर्यंत तो विनातक्रार चालायचा. मोले सोडून चढण लागली आणि दुसऱ्या गिअरवर आला, की अर्ध्या घाटात तापमानाचा काटा लाल पट्ट्याकडे सरकू लागे. कडेला उभा करून इंजिन चालू ठेवले की पाच-सात मिनिटांत काटा खाली येई. या क्रमातच निम्मे निदान होते, पण ते माझ्या लक्षात येईपर्यंत पाण्याचा पंप आणि तापमानाचा सेन्सर दोन्ही बदलून झाले होते आणि फरक शून्य होता.

इंजिन नुसते उभ्यावर तापत असेल तर पहिला संशय पंख्यावर घ्यावा. सपाट रस्त्यावर वेगात असताना तापत असेल, तर रेडिएटरमधून पुरेसे पाणी फिरत नाही असे धरून चालावे. घाटात मात्र इंजिनवर पूर्ण भार असतो आणि समोरून येणारा वारा जवळजवळ नसतो, त्यामुळे दोन्हीकडची थोडी थोडी कमतरता तिथे एकत्र उघडी पडते. माझ्या ट्रकचे नेमके हेच झाले होते.

लेझरवाल्या तापमापीने गरम रेडिएटरची जाळी पट्ट्यापट्ट्याने मोजली, तेव्हा एका बाजूला ९० अंशांच्या वर आणि दुसऱ्या कडेला जेमतेम ४५ अंश आले. म्हणजे त्या कडेच्या नळ्यांतून पाणी जातच नव्हते. रेडिएटर उतरवून वरच्या टाकीचे डाग (कथलाचे सांधे) सोडवल्यावर मेस्त्रींनी एकेका नळीत पातळ चपटी पट्टी घातली; जवळजवळ तिसऱ्या हिश्श्याच्या नळ्यांत ती वीतभरही गेली नाही, आणि बाहेर आला तो विटकरी, वाळूसारखा चुरा. वर्षानुवर्षे वाटेतल्या विहिरीचे, बोअरचे पाणी ओतल्याने साचलेला क्षार आणि इंजिनच्या ब्लॉकमधला गंज, दोन्ही त्यात होते. "भाऊ, रॉड मारून दोन-चार महिने निघतील, पण नळी आता कागदासारखी झाली आहे," असे ते म्हणाले, म्हणून पितळी नळ्या आणि तांब्याच्या फिनचा (नळ्यांमधल्या पातळ पत्र्यांचा) पूर्ण नवा कोर, म्हणजे रेडिएटरचा मधला जाळीचा भाग, घातला. नव्या ॲल्युमिनियम रेडिएटरच्या तुलनेत खर्च फारसा कमी नव्हता. पण हा कोर पुढे कुठल्याही डागकाम करणाऱ्याकडे दुरुस्त होतो, हे मला महत्त्वाचे वाटले.

थर्मोस्टॅट, म्हणजे पाणी ठरावीक तापेपर्यंत रेडिएटरची वाट बंद ठेवणारी झडप, आधीच्या मालकाने काढून टाकला होता. ट्रक तापू लागला की आपल्याकडे हाच उपाय सर्वात आधी सांगितला जातो, आणि माझ्या मते तोच सर्वात घातक आहे. अनेक इंजिनांत थर्मोस्टॅटला दोन झडपा असतात : एक रेडिएटरकडची वाट उघडते, त्याच वेळी दुसरी बायपासची (रेडिएटर टाळून इंजिनमध्ये परतणारी) वाट बंद करते. थर्मोस्टॅटच नसेल तर बायपास कायम उघडा राहतो आणि गरम पाण्याचा एक भाग रेडिएटरकडे न जाताच पुन्हा इंजिनमध्ये फिरतो. सपाटीवर हेच इंजिन गरजेपेक्षा थंड चालते आणि डिझेल जास्त पिते. नवा थर्मोस्टॅट बसवण्यापूर्वी मी तो घरी पाण्याच्या टोपात दोरीने टांगून, तळाला न टेकवता, तापवून पाहिला. त्यावर ८२ अंश कोरलेले होते. ८३ च्या सुमारास झडपेच्या कडेला केसाएवढी फट दिसली आणि पाणी उकळेपर्यंत ती आठ मिलिमीटर उघडली.

पंख्याभोवतीचा पत्र्याचा कव्हरही गायब होता, त्यामुळे पंखा जाळीतून वारा ओढण्याऐवजी आजूबाजूची गरम हवाच घुसळत होता. तो पत्रा बनवून घेतला. झाकणही बदलले, कारण जुन्याची स्प्रिंग ढिली पडली होती, आणि झाकणाने दाब धरला नाही तर पाणी लवकर उकळते. हेड गॅस्केट (इंजिनच्या ब्लॉक आणि हेडमधली सीलबंद पट्टी) फुटल्याची शंका निळ्या द्रवाच्या चाचणीने आधीच फिटली होती; जळलेला वायू पाण्यात येत असेल तर त्या द्रवाचा रंग बदलतो. द्रव निळाच राहिला. शेवटी सगळी व्यवस्था साफ धुऊन निम्मे कूलंट आणि निम्मे डिस्टिल्ड पाणी भरले.

डिसेंबरपासून आजपर्यंत काटा घाटात एकदाही मध्याच्या फार वर गेलेला नाही, एप्रिल-मेच्या दुपारीही नाही. डिझेल लिटरमागे सुमारे अर्धा किलोमीटर जास्त देते, आणि याचे श्रेय मी थर्मोस्टॅटला देतो. तक्रार एकच आहे : तिसऱ्या महिन्यात खालच्या टाकीच्या डागाजवळ पांढरट-हिरवी रेघ दिसली. झिरप अगदी बारीक होती, पण डाग पुन्हा द्यावा लागला आणि ट्रक दोन दिवस उभा राहिला. त्यानंतर कूलंटची पातळी मी दर सोमवारी थंड इंजिनावर पाहतो.

पावसाळ्यात उसगाव-धारबांदोड्याच्या पट्ट्यातला तांबडा चिखल जाळीत बसतो आणि वाळला की विटेसारखा घट्ट होतो. तो जोराच्या फवाऱ्याने समोरून धुतला तर फिन वाकतात, म्हणून मी साध्या पाइपने इंजिनच्या बाजूने बाहेरच्या दिशेने धुतो. खालचा होस अजून जुनाच आहे. रेस दिल्यावर तो थोडा आत चेपतो, म्हणजे त्यातली स्प्रिंग गंजून गेली असावी. पुढच्या फेरीआधी तो बदलणार आहे.