पुढचा भाग येईपर्यंत काय वाचलं: एका मोजणीवाल्याचा काही महिन्यांनंतरचा अनुभव

जॉर्ज आर. आर. मार्टिन यांच्या ‘अ साँग ऑफ आइस अँड फायर’ या कादंबरीमालिकेतलं शेवटचं आलेलं पुस्तक, ‘अ डान्स विथ ड्रॅगन्स’, आलं जुलै २०११ मध्ये. तेव्हापासून त्यातला एक नायक जॉन स्नो बर्फात पडून आहे. तिच्यावरची टीव्ही मालिका ‘गेम ऑफ थ्रोन्स’ त्याच वर्षी सुरू झाली, २०१९ मध्ये तिचा निकालही लागला, पण पुढचं पुस्तक ‘द विंड्स ऑफ विंटर’ काही हातात पडलं नाही. मधे २०१८ मध्ये मार्टिनसाहेबांनी त्याच गोष्टीतल्या टार्गेरियन राजघराण्याचा इतिहास लिहून दिला. चालू सातबारा मागायला गेलो तर जुने फेरफार हातात ठेवले, असं झालं. तेही वाचले म्हणा.

मग जो भेटेल त्याला विचारत सुटलो, की तोवर काय वाचू? या प्रश्नावर लोक फार उदार होतात. माझा एक सहकारी, भाचा, वाचनालयात पुस्तक बदलायला येणारे एक निवृत्त मास्तर, सगळ्यांनी याद्या दिल्या, आणि वर “हे वाच, मार्टिनला विसरशील” ही हमी. गेले काही महिने लोकलमध्ये आणि रात्री अंथरुणात त्याच याद्या संपवतोय. कथानकं तुम्हाला ठाऊक आहेत असं धरून चालतो. वापरून काय झालं तेवढं सांगतो.

एक आधीच सांगून ठेवतो. मी जमीनमोजणीचं खासगी काम करतो, त्यामुळे पुस्तक उघडलं की आधी नकाशा बघतो. मार्टिनची गोष्ट जिथे घडते त्या वेस्टेरॉसच्या नकाशाला प्रमाण दिलेलं नाही, हे माझं जुनं दुखणं. पण तिथे निदान तोड आहे. तिथली उत्तरेकडची भिंत शंभर लीग लांब, म्हणजे तीनशे मैल, असं पुस्तकातच येतं; तीच काठी धरून जगभरचे वाचक विंटरफेल ते किंग्ज लँडिंग अंतर काढतात. मीही काढलंय, पट्टी लावून. तेव्हा मला पुस्तक सुचवताना त्यात नकाशा कसा आहे एवढं सांगा, बाकीचं मी बघून घेतो. एकानेही सांगितलं नाही.

पहिलं घेतलं जो अॅबरक्रॉम्बीचं ‘द ब्लेड इटसेल्फ’ (२००६). पुढून चाळलं, मागून चाळलं, नकाशा नाही. माझ्या प्रतीत छापायचा राहिला असेल म्हणून दुकानात जाऊन दुसरी प्रत उघडली, तिच्यातही नाही. काउंटरवरच्या पोराने विचारलं, “काका, काय शोधताय?” काय सांगणार! तीन भागांची कथा, उत्तरेत युद्ध, दक्षिणेत युद्ध, एक टोळकं जगाच्या कडेपर्यंत निघालंय, आणि उत्तर कुठे नि दक्षिण कुठे हे वाचकाने मनात धरायचं. दुसऱ्या भागातल्या डागोस्का शहराच्या वेढ्याला तर मी वही घेऊन कच्चा आराखडा काढत बसलो. समुद्र इकडे, तट इकडे, शत्रू इथे.

तरी पुस्तक सोडवलं नाही, त्याला कारण ग्लोक्टा. एकेकाळचा तलवारबाज, शत्रूच्या तुरुंगात छळ सोसून मोडलेला, आणि आता स्वतः दुसऱ्यांचा छळ करायची नोकरी करणारा. या माणसाचा जगात सगळ्यात मोठा वैरी म्हणजे जिना. काठीचा टक आवाज, मग पाय, मग कळ, पुन्हा काठी. लेखक एकेक पायरी चढायला लावतो, आणि तेवढ्यात ग्लोक्टा मनातल्या मनात समोरच्याची जी सालटी काढत असतो ती वाचून मी डब्यात एकटाच हसत होतो. माझाही उजवा गुडघा आता बोलायला लागलाय. दादरचा पूल चढताना हा गृहस्थ आठवतोच.

आणि ते टोळकं जगाच्या कडेवरून काय घेऊन परत येतं हे कळलं, तेव्हा नकाशाबद्दलचा माझा राग बराचसा उतरला. असल्या प्रवासाचा नकाशा काढून करायचं काय? बराचसा म्हटलंय, सगळा नाही. डागोस्काचा तरी द्यायला हवा होता.

सहकाऱ्याने सुचवलं पॅट्रिक रॉथफसचं ‘द नेम ऑफ द विंड’. पहिला भाग २००७, दुसरा २०११, आणि तिसरा? तिसऱ्याची अजून वाटच बघतायत. अरे, मी एका लेखकाच्या नावाने बोटं मोडत बसलोय म्हणून तुझ्याकडे आलो, आणि तू मला दुसऱ्याच्या दारात नेऊन बसवलंस? आगीतून फुफाट्यात म्हणतात ते हेच. त्याच जगातली दोन छोटी पुस्तकं आली, २०१४ मध्ये एक आणि २०२३ मध्ये एक, पण मुख्य गोष्ट होती तिथेच आहे. लिहिलंय मात्र देखणं. भर कार्यक्रमात नायक क्वोथच्या ल्यूटची, म्हणजे त्याच्या तंतुवाद्याची, तार तुटते आणि तो उरलेल्या तारांवर गाणं पुरं करतो, ते प्रकरण मी लागोपाठ दोनदा वाचलं. म्हणून तर जास्त चिडचिड होते. वाट बघणाऱ्या माणसाला अर्धवट मालिका सुचवणं हा गुन्हा समजला जावा, असं माझं स्पष्ट मत आहे.

मास्तरांची शिफारस रॉबिन हॉबची. ‘असॅसिन्स अॅप्रेंटिस’ १९९५ चं, आणि त्या जगातली एकंदर सोळा पुस्तकं २०१७ पर्यंत येऊन गोष्ट पुरी झालेली. म्हणजे कागदोपत्री चोख. वाचायला बसलो तर फिट्झ नावाचं पोर, राजघराण्यातलं पण अनौरस, तबेल्यात वाढलेलं, आणि पानोपानी त्याचं नशीब फुटकं. पहिल्या भागानंतर मी मास्तरांना सांगितलं की तुमचा नायक फार रडतो. मास्तर म्हणाले, “दुसरा भाग होऊ दे.”

दुसऱ्या भागात गणित बदललं, ते फिट्झमुळे नाही, व्हेरिटीमुळे. हा युवराज. किनाऱ्यावर लाल जहाजांचे लुटारू येतायत आणि हा मनोऱ्यात एका खिडकीशी बसून नुसत्या मनाच्या जोरावर त्यांची जहाजं भरकटवतोय. अंगावर मांस राहिलेलं नाही, जेवायचं भान नाही. आणि या माणसाचा खरा जीव कशात, तर नकाशे काढण्यात! शाई, चामडं, किनाऱ्याच्या रेषा. सवड मिळाली तर तो फक्त तेच करेल, पण सवडच नाही. लढाया, जादू, फिट्झचा सोबती लांडगा, सगळं चांगलंच आहे, पण मला विचाराल तर अख्ख्या मालिकेचे पैसे त्या एका खोलीत वसूल झाले. मास्तरांना तसं सांगितलं तेव्हा ते जरा नाराज झाले. त्यांना लांडगा आवडतो. वाचनालयात पहिले तीनच भाग आहेत, पुढच्या तेरांचा खर्च कोणी करायचा हा प्रश्न घरात काढलेला नाही.

आता ज्याच्यामुळे हे लिहायला बसलो ते. टॅड विल्यम्सची ‘द ड्रॅगनबोन चेअर’ (१९८८) पासून सुरू होणारी तीन भागांची मालिका. मार्टिन यांनी स्वतः सांगितलंय की ही वाचून आपल्याला असं काही लिहावंसं वाटलं. मग ती टाळून कसं चालेल! एका जुन्या पुस्तकांच्या ऑनलाइन विक्रेत्याकडे ‘पूर्ण संच, तीन पुस्तकं’ मिळाला, नवीन घेण्याच्या निम्म्याहून कमी पैशांत. सुरुवात संथ आहे. किल्ल्याच्या स्वयंपाकघरातलं पोर सायमन शंभर-दीडशे पानं कामचुकारपणा करत हिंडतं, गोष्ट हलत नाही. नेट लावून वाचा. नकाशे मात्र ठिकठिकाणी आणि नीट वाचता येणारे, त्यामुळे मी खूश होतो.

तिसरं पुस्तक ऐन वेढ्याच्या धामधुमीत संपलं. पान उलटलं तर मागचा पुठ्ठा. मग बघितलं तर मुखपृष्ठावर बारीक अक्षरात ‘सीज’. तिसरा भाग एवढा जाड आहे की पेपरबॅकमध्ये त्याचे दोन खंड केलेत, ‘सीज’ आणि ‘स्टॉर्म’, आणि मला अर्धाच आला होता. विक्रेत्याला फोन लावला. तो म्हणाला, “सर, तीन पुस्तकं लिहिलंय, तीन दिलीयत. मोजून घ्या.” मी म्हटलं, अहो, वर ‘पूर्ण संच’ लिहिलंय. तर म्हणे, “ते कंपनीचं नाव असतं सर.” कुठली कंपनी! तीन फोन, फोटो, तक्रार, पुन्हा फोटो. शेवटी साठ रुपये परत आले, ‘सद्भावना म्हणून’. म्हणजे एका मालिकेचा पुढचा भाग येत नाही म्हणून दुसरी धरली, आणि १९९३ मध्येच छापून झालेल्या भागाची वाट बघत बसलोय. जुना संच घेणाऱ्यांनी पैसे द्यायच्या आधी सगळ्या पाठपट्ट्यांचा फोटो मागवा. मार्टिनच्या ‘अ स्टॉर्म ऑफ स्वोर्ड्स’चेही असेच दोन खंड मिळतात, तिथेही हाच घोटाळा होऊ शकतो.

भाच्याचा देव ब्रँडन सँडरसन. ‘मिस्टबॉर्न’चे तीन भाग २००६ ते २००८, वर्षाला एक, चोख. या माणसाच्या संकेतस्थळावर चालू पुस्तक किती टक्के झालं याच्या पट्ट्या असतात. लिखाण मला सपाट वाटलं, पण ती पट्टी बघून डोळे भरून आले.

सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात बारीक पुस्तक कुणाच्याच यादीत वर नव्हतं. अर्सुला ले ग्विनचं ‘अ विझर्ड ऑफ अर्थसी’, १९६८ चं. बाईंनी आधी बेटांचा नकाशा काढला आणि मग गोष्ट लिहिली, आणि ते कळतं. त्यातला जादूगार गेड आपल्याच सावलीच्या मागे होडी घेऊन पूर्वेला निघतो, तेव्हा मी बोट ठेवून त्याच्यासोबत जात होतो. इफिश सुटलं, पुढे अगदी शेवटचं बेट अॅस्टोवेल, आणि मग बोट नकाशाच्या चौकटीबाहेर. माझ्या प्रतीत नकाशा जोडपानावर आहे आणि रोक बेट नेमकं शिवणीत गेलंय, ते पुस्तक फाकवून बघावं लागतं. प्रकाशकांनो, एवढी शिस्त पाळा. बाकी काही म्हणणं नाही.

‘व्हील ऑफ टाइम’ राहिलीय. चौदा भाग. लेखक रॉबर्ट जॉर्डन २००७ मध्ये गेले आणि शेवटचे तीन भाग याच सँडरसननी लिहून २०१३ मध्ये हिशेब मिटवला. पण चौदा ठोकळे घरात ठेवायचे कुठे, आणि मधले काही भाग फार रेंगाळतात असं भाचाही कबूल करतो. कुणाकडे पहिला भाग असेल तर वाचायला द्या, नकाशासकट. महिन्यात परत करतो. विकत घेणार नाही.