सांगाडा सुखोईचा, बाकी शेनयांगचं: जे-11 ते जे-16

चीनमधल्या शेनयांगच्या कारखान्यातून निघालेल्या जे-11, जे-15 आणि जे-16 या तिन्ही लढाऊ विमानांचं मूळ एकच, रशियन सुखोई-27. जवळपास 22 मीटर लांबी, 14.7 मीटर पंखविस्तार, पोटात 9 टनांहून जास्त इंधन. लांबून पाहिलं तर सगळी भावंडं सारखीच दिसतात, त्यामुळे आकड्यापुढच्या अक्षरांकडे कुणी फारसं बघत नाही. या घराण्यात मात्र अक्षरांतच सगळं आहे. रशियावरचं कुठलं परावलंबन कधी सुटलं ते त्यांवरून कळतं: आधी रडार आणि क्षेपणास्त्रं, आणि बऱ्याच उशिरा, रडतखडत, इंजिन.

साधं जे-11 हे यातलं सर्वांत कमी गुणांचं. 1996 च्या करारानुसार सुमारे अडीच अब्ज डॉलरमध्ये 200 विमानं परवान्याखाली बनवायची होती. रशियातल्या कोम्सोमोल्स्कहून सुट्या भागांचे संच यायचे, शेनयांगला जोडणी व्हायची. पहिलं विमान डिसेंबर 1998 मध्ये उडालं आणि शंभरेक विमानांनंतर काम थांबलं. मशीन उत्तम, पण त्यात हात घालायची सोय नव्हती. इंजिन आणि रडार रशियाकडूनच येत होतं, आणि मूळ रडारवर लांबून मारायला आर-27 हे अर्धसक्रिय क्षेपणास्त्रच चालायचं. अर्धसक्रिय म्हणजे ते लक्ष्यावर आदळेपर्यंत वैमानिकाने रडारचा झोत शत्रूवर धरून ठेवायचा. तोवर वळून निघून जाता येत नाही, आणि समोरच्याकडे स्वतःचं रडार असलेलं क्षेपणास्त्र असेल तर हा सौदा आतबट्ट्याचाच. चीनचं स्वतःचं पीएल-12 हे असं स्वतःच्या रडारचं क्षेपणास्त्र तयार होत होतं, पण ते या रडारला जोडता येत नव्हतं. आमच्या गरजा यातून भागत नाहीत, असं चीनने सांगितलं. रशियाची तक्रार नक्कल केल्याची होती. दोघांचंही म्हणणं खरं धरायला हरकत नाही.

जे-11बी मध्ये ही अडचण मुळापासून काढली. रडार चिनी, त्यावर पीएल-12, कॉकपिटमध्ये घड्याळांच्या जागी पडदे, सांगाड्यात काही ठिकाणी धातूऐवजी संमिश्र साहित्य. घोडं अडलं ते डब्ल्यूएस-10ए या देशी इंजिनापाशी. सुरुवातीच्या तुकडीला रशियन एएल-31एफ इंजिनंच बसवावी लागली आणि देशी इंजिन 2009-10 च्या सुमारास नेमाने दिसू लागलं. कागदावरची ताकद दोन्हींची उन्नीस-बीस, साडेबारा-तेरा टनांच्या आसपास. खरा प्रश्न भरवशाचा होता. थ्रॉटल पुढे ढकलल्यावर इंजिनाने किती झटकन साथ द्यायची आणि दोन दुरुस्त्यांच्या मध्ये किती तास टिकायचं, इथे पहिले नग कमी पडले.

इथे चीनच्या निर्णयाला दाद द्यायला हवी. कच्चं इंजिन आधी दोन इंजिनांच्या जे-11बीला दिलं, कारण एक बंद पडलं तर दुसऱ्यावर परत येता येतं. एकाच इंजिनावर उडणारं जे-10 हे दुसरं चिनी लढाऊ विमान मात्र 2020 च्या आसपासपर्यंत रशियन इंजिनावरच ठेवलं. इंजिन पिकायला जवळपास दहा वर्षं गेली, आणि ती वर्षं जे-11बीच्या पाठीवर काढली.

बाकीच्या अक्षरांबद्दल थोडक्यात. जे-11बीएस म्हणजे दोन आसनी, एच लागलं की नौदलाचं, पण जमिनीवरच्या तळांवरून उडणारं. जे-11बीजी हे जुन्या बीचं नूतनीकरण: असंख्य छोट्या प्रसारकांनी बनलेलं सक्रिय अ‍ॅरे रडार, लांब पल्ल्याचं पीएल-15, जवळच्या झटापटीसाठी पीएल-10. या सगळ्यांत हवेत इंधन घ्यायची नळी नाही, ही उणीव कायम राहिली.

जे-15 हे विमानवाहू नौकेवरचं रूप. त्याचा पाया युक्रेनकडून मिळालेलं टी-10के, म्हणजे सुखोई-27 च्या नौदल भावाचं, सुखोई-33 चं नमुना विमान. पहिलं उड्डाण ऑगस्ट 2009 मध्ये, लियाओनिंग या विमानवाहू नौकेवर पहिली उतराई नोव्हेंबर 2012 मध्ये. घडीचे पंख, पुढचे छोटे पंख, शेपटीखाली हुक, भक्कम चाकं, सगळं आहे. कमतरता नौकेच्या डेकवर आहे. लियाओनिंगवर विमानाला ओढून वेगात फेकणारं यंत्र, म्हणजे कॅटापल्ट, नाही, पुढे 14 अंशांचा चढ आहे. चाकांपुढचे अडसर वर येतात, मागचा ज्वालारोधक उभा राहतो, दोन्ही इंजिनं आफ्टरबर्नरवर, म्हणजे जादा इंधन जाळून मिळणाऱ्या पूर्ण ताकदीवर, जातात, अडसर खाली पडतात आणि विमान सुटतं. पुढच्या दोन जागांवरून मिळतात जेमतेम 105 मीटर, मागच्या लांब जागेवरून सुमारे 195. एरवी तीस टनांच्या पुढच्या एकूण वजनाने उडू शकणारं हे विमान पुढच्या जागांवरून उडवायचं तर इंधन किंवा शस्त्रं, काहीतरी खालीच ठेवावं लागतं. म्हणजे मोठा ट्रक घेऊन तो अर्धा रिकामा चालवायचा. एप्रिल 2016 मध्ये उड्डाणनियंत्रण प्रणालीतल्या बिघाडामुळे जमिनीवरच्या सरावात वैमानिक झांग चाओ यांचा जीव गेला, ही नोंदही या विमानाच्या खात्यात आहेच.

जे-15टी ने हे बरंच सावरलं. नाकाखालच्या चाकाला कॅटापल्टमध्ये अडकणारा दांडा, त्यासाठी मजबूत केलेला पाय, देशी इंजिनं, नवं रडार. विद्युतचुंबकीय कॅटापल्ट असलेली फुजियान ही विमानवाहू नौका नोव्हेंबर 2025 मध्ये नौदलात दाखल झाली आणि मगच या आकाराच्या विमानाला पूर्ण वजनाने उडायला योग्य डेक मिळाला. इतक्या जड विमानाचा हट्ट नौदलाने धरायला हवा होता का, हा प्रश्न तरी उरतोच.

पैकीच्या पैकी गुण द्यायचेच तर ते जे-16 ला. 2000 ते 2003 दरम्यान चीनने 76 सुखोई-30एमकेके घेतली होती. दोन आसनं, शस्त्रं लटकवायला बारा अडकण्या, जमिनीवर मारा करण्याची ताकद, सगळं पसंत पडलं, पण शस्त्रं रशियन. त्यात एच-6 बॉम्बरपासून बनवलेले देशी टँकर त्यांना हवेत इंधन देऊ शकत नव्हते, त्यासाठी वेगळे आयएल-78 टँकर घ्यावे लागले. जे-16 ने एमकेकेची कामं जे-11बीएसच्या सांगाड्यावर आणली: सक्रिय अ‍ॅरे रडार, डब्ल्यूएस-10 इंजिनं, इंधननळी, संपूर्ण चिनी शस्त्रसाठा. मागच्या आसनावरचा माणूस शस्त्रं आणि संवेदक सांभाळतो, पुढचा विमान. पीएल-17 सारखं सुमारे 6 मीटर लांबीचं क्षेपणास्त्र पंखाखाली न्यायला असंच दांडगं विमान लागतं. सुखोई-30एमकेआयसारखे पुढचे छोटे पंख किंवा झोत वळवणारी इंजिनं यात नाहीत. कसरतीपेक्षा लांबून मारा यावर भिस्त आहे, आणि तो निर्णय पटतो. न पटणारी गोष्ट सांगाड्यातच आहे: एवढं मोठं अंग आणि उघड्यावर लटकलेली शस्त्रं शत्रूच्या रडारवर ठळक दिसतात, त्याला कुठलंही अक्षर जोडून इलाज नाही.

जे-16डी हे इलेक्ट्रॉनिक युद्धाचं रूप 2021 मध्ये झुहाईच्या हवाई प्रदर्शनात मांडलं गेलं. यात तोफ आणि काचेसमोरचा अवरक्त संवेदकाचा गोळा काढला आहे, पंखांच्या टोकांवर क्षेपणास्त्रांऐवजी जाडसर पॉड आहेत.

फोटोवरून ओळखायचं असेल तर शेपटीकडून सुरुवात करा. नॉझलच्या, म्हणजे इंजिनाच्या मागच्या तोंडाच्या, पाकळ्या लांबट आणि काळपट असतील तर एएल-31, आखूड आणि फिकट चंदेरी असतील तर डब्ल्यूएस-10. मग नाक पाहा: नाक काळं असेल तर बहुतेक जे-11बी, नाक फिकट राखाडी आणि टोकावर सुईसारखी नळी नसेल तर नव्या रडारचं रूप. दोन आसनी विमानात गोंधळ झाला तर नाकाखालची चाकं मोजा. जे-11बीएसला एक, जे-16 ला जोडी. केवळ नॉझलवरून निकाल देऊ नका, कारण सुरुवातीच्या जे-11बीची इंजिनंही रशियनच होती.